उकाईचे पाणी

तोरणमाळच्या यशवंत तलावात नौकेतून फिरताना तो सदैव काठोकाठ भरलेला असावा, असेच आपणांस वाटते. तापीवरील उकाई जलाशयाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याचे धरण गुजरातेत. ते १९७२ साली पूर्ण झाले. परंतु अडलेले पाणी मागे पसरत नंदुरबार जिल्ह्यात येऊन पोहोचते. सिंचन व वीज यांसाठी हा जलाशय भरलेला हवा. धरणाच्या खाली, तापीकाठी सुरत शहर वसले आहे. त्याचे रक्षण करावयाचे, तर पावसाळ्यात जलाशयात काही जागा रिकामी ठेवावी लागते. पूर आला की ही जागा त्याला पोटात घेते. मग पाणी बेताबेताने सोडता येते. ऑगस्ट २००६ मध्ये ती अपुरी पडली. एकाएकी प्रचंड पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला.

आपल्या जिल्ह्यातील कितीतरी शेते या जलाशयाखाली गेली आहेत. सुरतकरांना त्यांची आठवण होते की नाही, कोण जाणे! विस्थापितांपैकी काहींनी नांगर ठेवून जाळे हाती घेतले. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की काठच्या उघड्या पडलेल्या जमिनीत काही जण गाळपेर करतात. पाणी पुन्हा चढण्यापूर्वी पीक घरी आणावयाचे असते.