परिचितांपासूनची सावधगिरी

प्रश्न : माझी कन्या यंदा पुण्यास वसतिगृहात राहणार आहे. रात्री एकटीने बाहेर पडू नये, एवढे मी तिला बजावले आहे. आणखी काय सांगावे? – एक माता, सातारा

उत्तर : आपली चिंता सर्वथा रास्त आहे, परंतु अंधाराचे व अपरिचिताचेच भय तिच्या मनात भरून आपण थांबलात, तर संकट बहुधा ज्या दिशेने येते ती दिशाच दुर्लक्षित राहील, कारण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत बलात्काराच्या फिर्यादींतील आरोपी वर्षानुवर्षे बहुतांशी परिचितच आढळतात : मित्र, शेजारी, आप्त, विवाहाचे वचन देणारा. म्हणून परिचिताच्या आग्रहासही निःसंकोच नकार देण्याचा तिचा अधिकार आपण प्रथम घरात मान्य करावा.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांन्वये महाविद्यालयात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक असून तक्रारीची मुदत सामान्यतः तीन महिने आहे. सदस्यांची नावे प्रवेश घेतानाच टिपून ठेवावीत.

दुर्दैवाने अत्याचार झालाच, तर हद्दीची सबब न ऐकता कोणत्याही पोलीस ठाण्यात फिर्याद देता येते, आणि रुग्णालय सरकारी असो वा खाजगी, त्याने तत्काळ विनामूल्य उपचार करणे कायद्याने भाग आहे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, म्हणून आधी रुग्णालय गाठावे, आणि पुरावा टिकावा यासाठी शक्य तर स्नान न करता, वस्त्रे न धुता जावे.

तिने कधी काही सांगितले, तर ‘तू तेथे गेलीसच का?’ असे कृपा करून विचारू नये. त्या एका प्रश्नाने कित्येक मुली कायमच्या अबोल झाल्या आहेत. आणि आपणास पुत्र असल्यास, संमतीवाचून केलेला लैंगिक स्पर्श हा गुन्हा आहे, हे त्यालाही याच आठवड्यात स्पष्ट शब्दांत सांगावे.