एका साच्यातून एकच मूर्ती
दत्तभक्तहो, आपल्या संभाजीनगरात बऱ्याच घरांत पूर्वजांची ओतीव दत्तमूर्ती असते. जुन्या पद्धतीने ती घडते कशी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२व्या शतकात ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही रीत दिली आहे. आधी मूर्ती मेणाची करायची. मेणाच्या वजनावरून धातू किती लागेल ते ठरतं. मग मातीचे थर देऊन ती तापवायची. मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. निवल्यावर साचा फोडावा लागतो, म्हणून तशी दुसरी मूर्ती होत नाही. चिंच-राखेने रोज घासलं, की महाराजांची तिन्ही मुखं झिजतात. तेव्हा दत्तजयंतीला मूर्ती जरूर उजळा, पण हलक्या हाताने. आणि झिजली म्हणून मोडीत घालू नका.