जठरातील जिवाणू आणि कर्करोगाचा प्रतिबंध

जठरातील तीव्र आम्लात कोणताही जिवाणू तग धरू शकत नाही, अशी वैद्यकशास्त्राची दीर्घकाळ समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये ‘हेलिकोबॅक्टर पायलोरी’ हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला आणि ती खोटी ठरली. शंकेखोरांना पटावे म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये हे जिवाणू स्वतःच प्राशन करून जठरदाह ओढवून घेतला! दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा संसर्ग बहुधा बालपणी, घरातच होतो आणि उपचारांविना आयुष्यभर टिकतो. दीर्घ दाहाने जठराच्या अस्तरातील ग्रंथी झिजतात, पेशींचे स्वरूप पालटते व काहींच्या बाबतीत अनेक वर्षांनी कर्करोग उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये या जिवाणूस निश्चित कर्ककारक ठरवले.

भारतात हा संसर्ग सर्वदूर आढळतो. तरीही जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने कमी आहे. याला ठळक अपवाद मिझोरामचा. तेथे धुरावलेले मांस, ‘सा-उम’ ही आंबवलेली डुकराची चरबी आणि ‘तुइबुर’ हे तंबाखूच्या धुराचे पाणी यांचा या रोगाशी संबंध अभ्यासांत दिसून आला आहे. म्हणजे जिवाणू एकटा दोषी नाही. मात्र औषधाने नष्ट करता येण्याजोगे कारण तेच आहे. चीनच्या शांडोंग प्रांतातील लिंचू येथे १९९५ मध्ये केवळ दोन आठवडे औषधे दिलेल्या गटात पुढील सुमारे पंधरा वर्षांत या कर्करोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले.

उपचारात आम्ल घटवणारे औषध व किमान दोन प्रतिजैविके, अनेकदा बिस्मथसह, साधारणतः चौदा दिवस दिली जातात. खरी अडचण येथेच आहे. मेट्रोनिडाझोल व क्लॅरिथ्रोमायसिन यांना आपल्याकडील जिवाणू बऱ्याच प्रमाणात दाद देत नाहीत. त्यातच चार दिवसांत पोट शांत झाले की रुग्ण गोळ्या सोडून देतो. उरलेले जिवाणू मग अधिक चिवट होतात.

म्हणून प्रतिजैविके संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची अथवा मलाची तपासणी आवश्यक ठरते. आम्लरोधक गोळ्याही तत्पूर्वी दोन आठवडे थांबवाव्या लागतात. रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी येथे उपयोगाची नाही, कारण जिवाणू गेल्यानंतरही प्रतिपिंडे दीर्घकाळ राहतात. अस्तराची झीज आधीच बरीच झाली असल्यास जिवाणू गेला तरी धोका पूर्णपणे टळत नाही. अशांना ठरावीक काळाने दुर्बिणीद्वारे तपासणी करून घ्यावी लागते.