शिकवलं एकाला, बाळ दुसऱ्यापाशी

माझा मुलगा तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन बाराशे ग्रॅम. काचेच्या पेटीतून सुटका होऊन घरी जायचं ठरलं त्या दिवशी, श्वास थांबला तर काय करायचं हे सिस्टरांनी बाहुलीवर करून दाखवलं. दाखवलं कुणाला, तर माझ्या नवऱ्याला; डिस्चार्जच्या कागदांवर सह्या करायला तोच समोर होता. मी आत बाळाला पाजत होते. तिथून आम्ही निघालो ते थेट माझ्या माहेरी, सिन्नरजवळच्या एका वाडीत. ज्याला येत होतं तो सोमवारी पुण्याला कामावर, आणि बाळ माझ्यापाशी, आईपाशी, वहिनीपाशी. बाळंतीण माहेरी जाते हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तरी ‘दुपारी बाळाजवळ कोण असणार?’ हे त्या दिवशी कुणीच विचारलं नाही.

नवऱ्यानं जाण्याआधी टॉवेलची गुंडाळी करून मला आणि दादाला सगळं करायला लावलं. आई भडकली. “लेकरू घरात आलंय आणि असलं अभद्र काय बोलता?” तिचं चुकत होतं असं नाही म्हणणार मी, पाचवी पुजलेल्या घरात श्वास थांबण्याची तालीम कुणाला रुचेल? पण बहुतेक घरांत शिकायचं राहून जातं ते याच भीतीपोटी.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. पाजून खांद्यावर घेतलं, नाकातून दूध आलं आणि बाळ लुळं पडलं. ओठ निळे. वहिनी पाणी शिंपडायला धावली, आई म्हणाली, उलटं धरून हलव. हे दोन्ही करायचं नसतं. हलवण्यानं तर मेंदूला इजा होऊ शकते. मी कुशीवर वळवून तोंडातलं दिसणारं दूध पुसलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. हालचाल नाही. चटईवर उताणं ठेवलं, मान सरळ, मागे न ताणता, आणि त्याचं नाक-तोंड दोन्ही माझ्या तोंडात घेऊन फुंकलं. दुसऱ्या फुंकरीला छाती वर आली आणि तो रडला. दादा तोवर १०८ ला बोलत होता.

दवाखान्यातून परतल्यावर आईनं आपणहून विचारलं, “फुंकर मारायची तरी किती?” आपल्या गालात मावेल तेवढीच, छाती जराशी वर आली की पुरे. फुंकरींनीही बाळ हललं नाही, श्वास आला नाही, तर छाती दाबायची: स्तनाग्रांच्या रेषेच्या किंचित खाली, मधोमध, सुमारे ४ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं. ३० वेळा दाबणं, २ फुंकरी, पुन्हा तेच, मदत येईपर्यंत किंवा बाळ श्वास घेईपर्यंत. वाचून हे येत नाही. किती जोर लावायचा ते हातालाच कळावं लागतं.

म्हणून डिस्चार्जच्या गडबडीची वाट पाहू नका. दोन-तीन दिवस आधीच सिस्टरांना विचारा, आणि माहेरचं जे माणूस बाळापाशी बसणार आहे त्याला भेटीच्या वेळी सोबत न्या. त्याच्या हातून बाहुलीवर करवून घ्या, सिस्टरांनी उभं राहून बघावं. कमी दिवसांचं बाळ पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भरभर श्वास घेतं, ते नेहमीचं. वीस सेकंद थांबलं किंवा रंग बदलला तर नाही. हा फरकही तिथेच विचारून घ्या, नाहीतर रात्रभर छातीकडे बघत बसाल, मी बसले तशी. झोपवायचं उताणंच, आणि मोहरीची उशी कितीही हौसेनं शिवलेली असली तरी पाळण्याबाहेर.

१०८ ला फोन एकानं लावायचा, स्पीकरवर, म्हणजे दुसऱ्याचे हात बाळावरच राहतात. गावाचं नाव तेवढं पुरत नाही. तालुक्यात आमच्या वाडीच्या नावाच्या दोन वाड्या आहेत, त्यामुळे फाटा, शाळा, पाण्याची टाकी अशी खूण आधीच लिहून भिंतीवर लावलेली बरी.