बेथलेहेमचे पाहुणे

आगमनकाळ : अभ्यासलेख
वाचन : लूक २:१-२०, मत्तय २:१-१२



आगमनकाळ सुरू झाला की आपल्याकडे सभाही सुरू होतात. युवकांची सभा, महिला मंडळाची सभा, गोठा करणाऱ्यांची सभा. या सभांतून दरवर्षी एक प्रश्न हमखास निघतो : 'नाताळात बाहेरून इतके लोक येतात, त्यांच्यासाठी आपण काय ठेवायचे?' कोणी रोषणाई सुचवतो, कोणी गाण्यांचा कार्यक्रम, कोणी खाद्यपदार्थांचे स्टॉल. सूचना चांगल्या आहेत आणि त्यांपैकी कशालाही माझा विरोध नाही. पण हा प्रश्न ज्या गावाला सर्वांत आधी पडला, त्या गावाकडे एकदा नीट पाहावे आणि मग आपले कार्यक्रम ठरवावेत, एवढ्यासाठी हा लेख.

ते गाव म्हणजे बेथलेहेम. जेरुसलेमच्या दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवर, डोंगराच्या माथ्यावर वसलेले. आजही ते लहानच आहे. २०१७ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे २८ हजार होती. एवढ्याशा गावाकडे दरवर्षी २४ डिसेंबरच्या रात्री साऱ्या जगाचे डोळे लागलेले असतात.

१. पहिल्या नाताळात सगळेच पाहुणे

संत लूक आणि संत मत्तय यांचे वृत्तांत शांतपणे वाचा. मरिया आणि योसेफ नाझरेथहून आलेले. मेंढपाळ गावाबाहेरच्या रानातून आलेले. ज्ञानी पुरुष तर पूर्वेकडून, परक्या देशातून. बाळाच्या भोवती जे जे दिसतात ते सगळे बाहेरून आलेले आहेत. गावातल्या एकाही माणसाचे नाव शुभवर्तमानात नाही.

आता एक गोष्ट लक्षात घेऊ. आपल्या नाटुकल्यांत एक धर्मशाळेचा मालक असतो. तो दार उघडतो, कपाळाला आठ्या घालतो आणि दार लावून घेतो. हे काम मिळावे म्हणून मुले हट्ट करतात! पण शुभवर्तमानात हा मालक कुठेच नाही. संत लूक यांनी जागेसाठी वापरलेला मूळ ग्रीक शब्द आहे 'काटालुमा'. त्याचा अर्थ उतरण्याची जागा किंवा घरातली पाहुण्यांची खोली. हाच शब्द त्यांनी शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरला आहे (लूक २२:११). चांगल्या शमरोन्याच्या दाखल्यात पैसे देऊन राहण्याची धर्मशाळा येते, तिथे मात्र त्यांनी वेगळा शब्द वापरला आहे (लूक १०:३४). म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की नावनोंदणीच्या गर्दीत पाहुण्यांची खोली भरून गेली होती, आणि बाळंतिणीला जनावरांच्या बाजूची जागा मिळाली.

हे खरे असेल तर या कथेत खलनायकच उरत नाही. कोणी दुष्टपणे दार लावले नाही. घर भरले होते, एवढेच. मला हे अधिक अस्वस्थ करते. दुष्ट मालकापासून आपण स्वतःला सहज वेगळे काढू शकतो. पण घर भरलेले असणे, हात कामात असणे, मनात दुसऱ्या दहा गोष्टी असणे, हे तर आपले नाताळातले नेहमीचे चित्र आहे. प्रभूला जागा न मिळायला द्वेषाची गरज नसते. गडबड पुरते.

२. आजच्या बेथलेहेमातील २४ डिसेंबर

आपल्यापैकी काही कुटुंबे पवित्र भूमीच्या यात्रेला जाऊन आली आहेत. जे गेले नाहीत त्यांच्यासाठी त्या दिवसाचा क्रम थोडक्यात सांगतो.

त्या दिवशी जेरुसलेमचे कॅथलिक धर्मप्रमुख, ज्यांना लॅटिन पेट्रिआर्क म्हणतात, ते जेरुसलेमहून मिरवणुकीने निघतात. वाटेत काँक्रीटची उंच भिंत आणि सैनिकांची चौकी आहे, ती ओलांडून ते बेथलेहेमात येतात. ताऱ्याच्या नावाच्या जुन्या रस्त्यावरून मिरवणूक गव्हाणीच्या चौकात पोहोचते. पुढे स्काऊटची पथके असतात. त्यांच्या हातांत ढोल आणि बॅगपाइप. ब्रिटिश अमलातून ही वाद्ये तिथे आली आणि गावाने ती आपलीशी केली. चौकाच्या एका बाजूला जन्ममंदिर आहे, समोर ओमर मशीद. गर्दीत ख्रिस्ती असतात तसे मुस्लिमही असतात, कारण सण गावाचा असतो.

मध्यरात्रीची मिस्सा जन्ममंदिराला लागून असलेल्या संत कॅथरिनच्या चर्चमध्ये होते. मिस्सेनंतर बाळ येशूची मूर्ती मिरवणुकीने खालच्या गुहेत नेली जाते. जन्माच्या जागी ती ठेवून शुभवर्तमान घोषित केले जाते, आणि मग ती गव्हाणीच्या जागी ठेवतात.

जवळच बेत साहूर येथे मेंढपाळांचे रान आहे. तिथले फ्रान्सिस्कन मठवासीयांचे छोटे चर्च १९५०च्या दशकात तंबूच्या आकारात बांधलेले आहे. जन्ममंदिरापासून थोड्या अंतरावर दुग्धगुहा आहे. तिथे मूल व्हावे म्हणून ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया प्रार्थनेला येतात. वाटेवर जैतुनाच्या लाकडात गोठे कोरणाऱ्यांची दुकाने आहेत. कित्येक घरांची चूल या कोरीवकामावर पेटते.

पण बरेचसे यात्रेकरू बसने येतात, दोन-तीन तासांत गुहा पाहतात, फोटो काढतात आणि परततात. ज्या गावात देव वस्तीला आला, त्या गावात आपण मात्र वस्ती करत नाही. गावातल्या ख्रिस्ती कुटुंबाशी एक शब्दही न बोलता परतलेला यात्रेकरू दगड पाहून येतो, माणसे पाहून येत नाही.

३. वाकून जाण्याचे दार

जन्ममंदिराचे पहिले बांधकाम सम्राट कॉन्स्टंटाइन यांच्या काळात सुरू झाले आणि ३३९ साली त्याचा अभिषेक झाला. आजची वास्तू सहाव्या शतकातली आहे. २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. एवढ्या मोठ्या मंदिराचे दार मात्र जेमतेम चार फूट उंच आहे. घोडेस्वारांनी आणि लुटारूंच्या गाड्यांनी आत शिरू नये म्हणून जुने मोठे दार बुजवून ते लहान केले, असे सांगतात. आज त्याला 'नम्रतेचे दार' म्हणतात. मंत्री असो वा मजूर, वाकल्याशिवाय कोणी आत जात नाही. मूल तेवढे ताठ जाते.

गुहेत संगमरवरावर चौदा टोकांचा चांदीचा तारा आहे. तो पहिल्यांदा १७१७ मध्ये बसवला गेला, १८४७ मध्ये चोरीला गेला, १८५३ मध्ये नवा बसला. या ताऱ्यावरून झालेला तंटा क्रिमियाच्या युद्धामागच्या कारणांत गणला जातो. शांतीच्या राजाच्या पाळण्यावरून भांडण, ही आपल्या ख्रिस्ती लोकांची शरमेची गोष्ट आहे.

आज ग्रीक ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन आणि कॅथलिक अशा तीन समाजांत त्या मंदिराची जागा आणि वेळ वाटलेली आहे. त्यामुळे बेथलेहेमात नाताळ तीनदा येतो : २५ डिसेंबरला आपला, ७ जानेवारीला ऑर्थोडॉक्सांचा आणि १९ जानेवारीला आर्मेनियनांचा. म्हणजे त्या घरात प्रत्येक जण कधी यजमान असतो आणि कधी पाहुणा. सेमिनरीत लॅटिन शिकताना 'होस्पेस' हा शब्द आला होता. त्याचा अर्थ पाहुणा असाही होतो आणि यजमान असाही. तेव्हा ही भाषेची गंमत वाटली होती. आता वाटते, त्यात मोठे सत्य आहे. ज्याने कधी परक्या दारात उभे राहण्याचा संकोच अनुभवला आहे, त्यालाच पाहुण्याचे स्वागत करता येते. आणि देव तर स्वतःच पाहुणा होऊन आला.

४. रस्त्याकडेचे घर

चौथ्या शतकात रोममधून एक श्रीमंत विधवा बेथलेहेमात आली. तिचे नाव संत पाउला. बायबलचे लॅटिन भाषांतर करणारे संत जेरोम ३८६ साली तिथे स्थायिक झाले, तेव्हा पाउलाही तिथेच राहिली. पहिली तीन वर्षे ती एका छोट्याशा बिऱ्हाडात राहिली आणि आपल्या पैशांतून मठ बांधत होती. मठांबरोबर तिने आणखी एक गोष्ट बांधली : रस्त्याला लागून यात्रेकरूंसाठी उतरण्याचे घर. तिच्या मृत्यूनंतर, ४०४ साली, संत जेरोम यांनी तिच्या मुलीला दीर्घ पत्र लिहिले. त्यात या घराचे कारण त्यांनी दिले आहे : मरिया आणि योसेफ यांना इथे आसरा मिळाला नव्हता, म्हणून.

मला हे वाक्य बेथलेहेमविषयीच्या सर्व वाक्यांत थोर वाटते. पाउलाने झालेल्या चुकीबद्दल गावाला दोष दिला नाही. चारशे वर्षांपूर्वी जे घर उघडले नव्हते, ते तिने बांधले.

५. पाहुणे आले नाहीत तेव्हा

२०२० साली कोरोनाच्या साथीत बेथलेहेमचे मंदिर बंद ठेवावे लागले. त्यानंतर गाझातील युद्धामुळे २०२३ आणि २०२४ साली तिथे चौकातले झाड उजळले नाही, बँड वाजला नाही. हॉटेले ओस पडली, कोरीवकामाची दुकाने बंद झाली, काही कुटुंबे देश सोडून गेली. मिस्सा मात्र झाली. शुभवर्तमान मात्र वाचले गेले. २०२५ च्या डिसेंबरात झाड पुन्हा उजळले.

यातून दोन धडे मिळतात. पहिला : रोषणाई नसली तरी नाताळ होतो. दुसरा : पाहुणे येणे ही कृपा आहे, आपला हक्क नाही. जे आपल्या दाराशी येतात त्यांना गर्दी म्हणू नये.

६. आता आपले गाव

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर मी सर्वांना शुभेच्छा देत अंगणात उभा होतो. झारखंडहून घरकामासाठी आलेल्या दोन मुली माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी हिंदीत विचारले, 'फादर, यहाँ हिंदी में कुमसार होता है क्या?' मी घाईत होतो. 'सोमवारी ऑफिसात या,' असे सांगून मी पुढच्या कुटुंबाकडे वळलो. घरकाम करणाऱ्या मुलींना सोमवारी सकाळी कोण सुट्टी देणार? त्या आल्या नाहीत. पुन्हा मला दिसल्याही नाहीत. मी काही दुष्टपणे वागलो नव्हतो. घर भरले होते, एवढेच.

म्हणून यंदाच्या कार्यक्रमांत रोषणाईच्या जोडीला पुढील गोष्टी असाव्यात, असे मला वाटते :

(१) आगमनकाळात एक संध्याकाळ हिंदीतून प्रायश्चित्त संस्कारासाठी राखून ठेवू. त्या संध्याकाळी मी स्वतः उशिरापर्यंत बसेन.

(२) मध्यरात्रीच्या मिस्सेला मागचे नव्हे, मधले चार बाक बाहेरून आलेल्यांसाठी राखू. फाटकावर युवकांनी उभे राहावे ते गाड्या लावण्यासाठी आणि स्वागतासाठीही.

(३) गोठ्याजवळ मराठी आणि हिंदीत सोपा फलक लावू : हे बाळ कोण, ही माणसे कोण, आम्ही हा सण का करतो. आपले हिंदू आणि मुस्लिम शेजारी हौसेने गोठा पाहायला येतात. त्यांना नुसती सजावट दाखवून पाठवू नये.

(४) पिण्याचे पाणी, शौचालय आणि म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या यांची सोय कार्यक्रमाच्या यादीत पहिली लिहावी, शेवटची नव्हे.

(५) प्रत्येक कुटुंबाने नाताळच्या जेवणाला एक तरी असा माणूस बोलवावा, ज्याचे घर इथे नाही.

बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थ 'भाकरीचे घर'. पोप सहावे पॉल १९६४ च्या ६ जानेवारीला बेथलेहेमला गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात जागतिक युखरिस्त परिषदेसाठी मुंबईत आले. आपल्यातल्या ज्येष्ठांना तो उत्साह आठवत असेल. भाकरीच्या घरातून निघालेला यात्रेकरू त्या वर्षी आपल्या दारी आला होता. प्रत्येक मिस्सेत तीच भाकर आपल्या वेदीवर येते. मग आपले घरही भाकरीचे घर व्हायला हवे.

कुटुंबात चर्चेसाठी :

१. आपल्या घरात नाताळात कोणासाठी जागा नसते? का?
२. आपण कधी परक्या गावात पाहुणे होतो? तेव्हा कोणी कसे वागवले?
३. आपल्या आळीत भाड्याने राहणाऱ्या एका तरी कुटुंबाचे नाव आपल्याला माहीत आहे का?

प्रार्थना : हे प्रभो, तू आमच्यात पाहुणा म्हणून आलास. आमची गडबड थोडी कमी कर. आमच्या दाराशी उभे असलेल्यांना ओळखण्याची दृष्टी दे, आणि वाकून आत येण्याची नम्रता आम्हांला दे. आमेन.

प्रभूठायी आपला,
प्रमुख धर्मगुरू