जाहिरात-रोधक आणि ब्राउझरांची स्पर्धा

महाजालावरील पृष्ठे वाचकासमोर मांडणाऱ्या आज्ञावलीस ब्राउझर म्हणतात. पृष्ठाबरोबर येणाऱ्या जाहिराती अडविण्यासाठी त्यास जी पूरक आज्ञावली जोडली जाते, ती जाहिरात-रोधक होय. अशा रोधकांचा वापर करणारे लोक ब्राउझरांच्या चढउतारावर कितपत प्रभाव पाडतात, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही.

२००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररचे या क्षेत्रात निर्विवाद वर्चस्व होते. फायरफॉक्सने पूरक आज्ञावल्यांना मुक्तद्वार ठेवले आणि २००६ मध्ये आलेला ‘अ‍ॅडब्लॉक प्लस’ हा रोधक त्याचे एक मोठे आकर्षण ठरला. २००८ मध्ये गूगलचा क्रोम अवतरला. २०१० मध्ये त्यानेही पूरक आज्ञावल्या स्वीकारल्या आणि फायरफॉक्सचे हे वैशिष्ट्य केवळ त्याचे राहिले नाही.

येथे एक विसंगती निर्माण झाली. गूगलच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग जाहिरातींतून येतो. आणि त्याच जाहिराती अडविणारे असंख्य लोक गूगलचाच ब्राउझर वापरू लागले. पूर्वी रोधक प्रत्येक मागणी स्वतः तपासून ती अडवू शकत असे. क्रोमच्या नव्या नियमांनुसार त्याने नियमांची यादी ब्राउझरकडे सोपवावयाची आणि अडविण्याचे काम ब्राउझरने करावयाचे. यामागे सुरक्षितता व वेग ही कारणे गूगलने दिली. २०२४ पासून जुन्या पद्धतीच्या आज्ञावल्या क्रमाक्रमाने बंद करण्यात आल्या. फायरफॉक्सने मात्र जुनी सोय कायम ठेवली.

तथापि, यामुळे क्रोमचे अग्रस्थान ढळले नाही. नव्या नियमांत बसणारे, काहीसे मर्यादित रोधक अनेकांना पुरेसे वाटतात. शिवाय, वाचनाचा मोठा भाग आता भ्रमणध्वनीवर होतो, आणि तेथे अँड्रॉइडवरील क्रोम पूरक आज्ञावल्या स्वीकारीतच नाही.

मोजणीतही एक त्रुटी संभवते. स्टॅटकाउंटरसारख्या संस्था संकेतस्थळांवर ठेवलेल्या छोट्या आज्ञावलीद्वारे वाचकांची गणना करतात. अनेक रोधक नेमकी तीच अडवितात. साहजिकच, ज्या ब्राउझरमध्ये रोधकांचा वापर अधिक, त्याचा वाटा प्रत्यक्षाहून कमी दिसण्याचा संभव असतो. कमी वाटा दिसलेल्या ब्राउझरवर आपले पृष्ठ तपासून पाहण्याची तसदी संकेतस्थळांचे निर्माते घेईनासे होतात. अशा रीतीने, जाहिराती नाकारणारा वाचक नकळत आपले मतही गणनेबाहेर ठेवतो.