असन्निधानातील स्मरण आणि चित्ताची शांती

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिलेल्या आचारधर्मात साधकाचा दिवस विजन, अटन, भिक्षा आणि भोजन या विधींभोवती गुंफलेला आहे, आणि स्मरण हा त्या सर्वांतून ओवलेला दोरा होय. संन्यस्त भिक्षुकास हा क्रम पाळणे कठीण असले तरी अशक्य नाही. वासनिकाची गोष्ट निराळी. पुण्यासारख्या नगरात राहणारा उपदेशी सकाळी कचेरीची वेळ गाठतो, सायंकाळी वाहनांच्या गर्दीतून घरी परततो, आणि रात्री पोथी उघडतो तेव्हा डोळे मिटू लागलेले असतात. त्याच्या वाट्यास विजन कोठून यावे? आणि विजन नसेल तर चित्तास स्वस्थता कशी लाभावी? हा प्रश्न वासनिकमंडळी पुनःपुन्हा विचारतात. त्याचे उत्तर केवळ 'वेळ काढा' असे देऊन भागत नाही.

शांतीच्या शोधात पुण्यास येणाऱ्यांची संख्या लहान नाही. शिवाजीनगर भागात १९७५ साली योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांची योगसंस्था सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी कोरेगाव पार्कमध्ये आचार्य रजनीशांचा आश्रम स्थापन झाला. या दोन्ही ठिकाणी देशोदेशींचे लोक आले. त्यांच्या मार्गांची चिकित्सा करण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढेच लक्षात घ्यावयाचे की मनाची अस्वस्थता हा एकट्या वासनिकाचा रोग नव्हे, आणि तिच्यावर उपाय सांगणारे पुष्कळ आहेत. आपल्या मार्गाचे वैशिष्ट्य मात्र असे की तो साधकास आरंभीच शांतीचे आश्वासन देत नाही.

हे विधान काहींना खटकेल. म्हणून त्याचा खुलासा आवश्यक आहे. परमेश्वरावताराचे सन्निधान आणि असन्निधान हा भेद आपल्या तत्त्वज्ञानाच्या मुळाशी आहे. इ. स. १२७४च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले, आणि त्यानंतरचा साधक असन्निधानात उभा आहे. अशा साधकाच्या अंतःकरणात अनुशोच असावा, म्हणजे जे सन्निधान आपणांस लाभले नाही त्याची खंत असावी, अशी अपेक्षा आहे. शांतीचा अर्थ 'दुःख नसणे' एवढाच घेतला तर अनुशोच ही अशांतीच ठरेल. परंतु ज्या साधकाच्या मनात ही एक खंत खरोखर स्थिरावते, त्याच्या बाकीच्या शंभर खंती आपोआप मागे सरतात. शेजाऱ्याने काय म्हटले, बढती कोणास मिळाली, मानपान कोठे चुकला, यांना मग पूर्वीची धार राहत नाही. विषयाकडे ओढ म्हणजे विकार, आणि विपरीत कल्पना म्हणजे विकल्प. ही दोन क्षीण होत जाणे हेच आपल्या परिभाषेत चित्ताचे निवणे होय. ते स्मरणाच्या वाटेने येते.

स्मरण चार प्रकारे करावयाचे: नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा. यांपैकी लीळास्मरणाकडे वासनिकांचे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते, असे म्हणावे लागते. नामस्मरण चालता-बोलता होऊ शकते. लीळेस मात्र मन पूर्णपणे द्यावे लागते. स्वामी कोणत्या गावी होते, आसन कोठे होते, जवळ कोण होते, कोणी काय विचारले, स्वामी काय बोलले, हे सर्व क्रमाने आठवावयाचे. स्थानपोथीत देवळांची व गुंफांची दारे कोणत्या दिशेस होती इतका तपशील का नोंदविला आहे, याचे नवख्या वाचकास नवल वाटते. परंतु दार पूर्वेस की पश्चिमेस हे ठाऊक असल्यावाचून ती लीळा डोळ्यांपुढे उभी राहत नाही. आणि मन त्या पटिशाळेत फिरू लागले म्हणजे तेवढा वेळ ते दुसरीकडे भटकू शकत नाही. विजनाचे कार्य अशा रीतीने काही अंशी घरातही साधते.

लीळाचरित्र हा ग्रंथ याच अभ्यासातून निर्माण झाला आहे. स्वामींच्या गमनानंतर श्रीनागदेवाचार्य ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात राहिले. आचार्य स्मरणात मग्न असत, ते म्हाइंभटांनी पाहिले आणि आपण कशाचे मनन करता असे पुसले. आचार्य स्वामींच्या लीळा आठवीत होते. तेव्हा या लीळा लिहून ठेवाव्यात असा विचार म्हाइंभटांनी मांडला. आचार्यांनी सांगितलेल्या लीळा त्यांनी टिपल्या, आणि ज्यांनी त्या प्रत्यक्ष अनुभवल्या होत्या त्यांच्याकडे गावोगाव जाऊन त्या पडताळून घेतल्या. हे म्हाइंभट मूळचे विद्येचा मोठा अभिमान बाळगणारे शास्त्री होते. वादात जिंकण्यासाठी मिळविलेली तीच विद्या पुढे एकेका वाक्याची खातरजमा करण्यात खर्ची पडली, ही घटना साधकाने थांबून पाहण्याजोगी आहे. विद्या तीच राहिली. तिचा धनी बदलला.

परंपरा असे सांगते की पुढे यवनी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांनी लीळा मुखोद्गत केल्या होत्या त्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्यांत हिराइसेचे नाव अग्रभागी आहे. तिचा पाठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो. ठिकठिकाणच्या पाठांत भेद होते, तेही नोंदविले गेले. शास्त्र्याने परिश्रमपूर्वक लिहिलेला ग्रंथ एका साध्वीच्या पाठांतराने वाचविला. अभ्यास श्रेष्ठ की स्मरण श्रेष्ठ, असा वाद घालणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा.

अभ्यासाचा अर्थही येथे नीट समजून घेतला पाहिजे. महदाइसा स्वामींना सतत प्रश्न विचारीत असे, आणि तिच्या जिज्ञासेचे स्वामींना कौतुक होते. न समजलेले मुकाट्याने गिळणे हा श्रद्धेचा प्रकार आपल्या पूर्वजांनी मानला नाही. सूत्रपाठाची व दृष्टांतपाठाची सिद्धता करणारे केसोबास हे संस्कृतचे जाणते पंडित. त्यांचा कल संस्कृत रचनेकडे वळला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले. पंथातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील, हे कारण त्यांनी दिले. ज्ञान कोणाच्या उपयोगी पडावे याचा हा निवाडा तेराव्या-चौदाव्या शतकाच्या संधिकाळातील आहे.

पुढे मात्र ग्रंथांवर सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांचे आवरण आले आणि ते कित्येक शतके टिकले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. ल. भावे व इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या प्रयत्नांनी हे साहित्य बाहेरच्या अभ्यासकांपुढे येऊ लागले. राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली, ते हेच दशक. पुणे विद्यापीठातील डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी लीळाचरित्राचे भाग संपादून १९६४पासून प्रसिद्ध केले. अमेरिकेतून आलेल्या डॉ. अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी त्यांच्यापाशी अभ्यास केला. १९८३ साली त्यांचा सूत्रपाठावरील ग्रंथ निघाला. दोघांनी मिळून केलेला स्मृतिस्थळाचा इंग्रजी अनुवाद १९९२ साली प्रकाशित झाला. त्याच्या शीर्षकाचा अर्थच 'देवाच्या असन्निधानात' असा होतो. तुळपुळे १९९४ साली निवर्तले. दोघांनी सिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोश त्यांच्या पश्चात १९९९ साली बाहेर पडला.

विद्यापीठीय संशोधक लीळेत तत्कालीन वस्त्रे, नाणी, जेवणाचे पदार्थ, शब्दांची रूपे पाहतो. साधक स्वामींना पाहतो. म्हणून काही जुन्या मंडळींना हे संशोधन परके वाटले. त्यांची भीती सर्वस्वी निराधार नाही, कारण लीळा ही 'साधनसामग्री' झाली की तिच्यापुढे नतमस्तक होण्याची सवय सुटते. तथापि वासनिकाची आजची अडचण वेगळीच आहे. आरोगणा, व्याळी, पहुड, उपहुड, पूजावसर हे शब्द त्याच्या कानांवरून जातात, पण पहुड म्हणजे निजणे आणि उपहुड म्हणजे उठणे हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अर्थ न कळता झालेल्या पारायणाचे पुण्य कोणी नाकारीत नाही. परंतु त्यातून मूर्ती डोळ्यांपुढे येत नाही. अशा वेळी कोश जवळ घेणे हे स्मरणाचेच अंग मानावे. २०२४ साली मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि ऋद्धिपूर येथे मराठी भाषेचे विद्यापीठ स्थापन झाले, याचा पंथीयांस आनंद झाला तो योग्यच आहे. पण आपल्या ग्रंथांचा गौरव ऐकून सुखावणारे किती आणि त्यांतील एक लीळा साद्यंत सांगू शकणारे किती, हा हिशेब ज्याने त्याने आपल्या घरी करावा.

नगरवासी वासनिकाने आरंभ लहान करावा. सूर्योदयापूर्वीचा अर्धा घटका वेळ पुण्याच्या पेठांतही निवांत असतो. आठवड्यास एकच लीळा घ्यावी. पहिल्या दिवशी ती वाचून अडलेले शब्द काढावेत. दुसऱ्या दिवशी स्थान व उपस्थित मंडळी आठवावीत. पुढे पोथी मिटून लीळा मनात चालवावी. मध्येच धागा तुटला तर चिडू नये, नामावर यावे आणि पुन्हा प्रारंभ करावा. शहरबसमध्ये उभ्याने प्रवास करतानाही सकाळची लीळा एकदा मनात फिरविता येते. घरातील वृद्ध मातेस सायंकाळी ती आपल्या शब्दांत सांगावी. तिने एखादा प्रश्न विचारला आणि उत्तर आले नाही, तर तो कागदावर लिहून ठेवावा व मार्गातील अधिकारी महंतांची भेट होईल तेव्हा दंडवत घालून त्यांना पुसावा.